घाटाचं धान

नदीचं नाव गाढवी. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला नदी पुरती कळली होती. उन्हाळ्यात मुकाट उभी असायची, शेळ्यासुद्धा तिच्या अंगावरून पलीकडे जात. आखाड लागला की मात्र कोणाला कधी लाथ मारील याचा नेम नसे. या नदीवर पिंपळटोल्याजवळ आगगाडीचा पूल होता आणि त्यावरून आगगाडी सोडून सगळं जात होतं. माणसं जात, बैल जात, वरात जाई, मयत जाई.

पूल बांधला तेव्हा मुखरू ढिवराचा आजा जवान होता, नदीवर नाव चालवायचा. खांबांचे दगड, चुना, वाळू सगळं त्याच्याच डोंग्यातून, एका खोडाच्या नावेतून, नदीत गेलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. या घराण्यानं तो धोंडा आधी डोंग्यातून वाहून आणला आणि मग पाडून घेतला.

पण आज्याला आणि बापाला पूल नडला नाही. वडशाकडून जंगलात शिरणारी ती गाडी सागाचे ओंडके ओढायची आणि पुलावर रेल्वेचा चौकीदार असायचा. माणूस पुलावर चढला की तो शिव्या देत धावून येई. त्यामुळे गाव डोंग्यातूनच नदी ओलांडायचं. ढिवरानं वर्षभर कोणालाही, कधीही, हाक आली की पलीकडे न्यायचं, आणि पुसात धान निघालं की घरटी एक टोपली त्याच्या पदरात टाकायची. त्याला घाटाचं धान म्हणत. मधे एका पुरात पुलाचे मधले दोन गाळे वाहून गेले. तिथे रेल्वेनं सागवानी लाकडांचे गाळे घातले, तात्पुरते म्हणून. ते तसेच राहिले. मग जंगल विरळ झालं, लढाई आली, रूळ उचलून कुठल्या कुठे गेले आणि चौकीदारही गेला.

दुसऱ्याच दिवशी गाव पुलावर चढलं. कोणी बांबूच्या तट्ट्या टाकल्या, कोणी माती टाकली. आणि ज्या पुलावरून जायचं तोच पूल गाव हळूहळू घरी नेऊ लागलं. एकाच्या उंबऱ्याला स्लीपर, दुसऱ्याच्या बाजेला स्लीपर. फुकटचं सागवान कोणाला नको?

घाटाचं धान तरीही काही वर्षं मिळत राहिलं. टोपलीची पायली झाली, पायलीची ओंजळ झाली, पण कोणी नाही म्हटलं नव्हतं. ते गुणवंतरावानं म्हटलं.

गुणवंतराव गावचा मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. सरकारनं मालगुजारी काढून घेतली होती, मिशा तेवढ्या ठेवल्या होत्या. त्या पुसात मुखरू आणि त्याची बायको धुरपता टोपली घेऊन त्याच्या खळ्यावर गेले तेव्हा तो धानाच्या राशीजवळ खाटेवर बसला होता.

"काय पाह्यजे?"

"घाटाचं धान, मालक."

"मागच्या आखाडात तुह्या डोंग्यात बसलो का मी?"

"तुमी नसान बसले. पुलावर पाणी चढलं तवा तुमच्या सुनेसाठी दाई म्याच आणली ना."

"एक डाव आणली तं जनमभर धान देऊ? मंग पुलाले काऊन नाई देत आमी? पूल तं रोजच नेते बापा!"

खळ्यावरचे गडी हसले. ज्यांना हसू आलं नव्हतं तेही मालकाकडे पाहून हसले.

"घाट तुमच्या बापानं देल्ला आमाले," मुखरू म्हणाला.

"बापानं देल्ला, सरकारनं नेला. जाय, सरकारले माग. नागपूरले राह्यते म्हणते."

गुणवंतरावाची मोठी बहीण नीलाबाई सूप घेऊन बाजूला बसली होती. विधवा होऊन माहेरी आलेली. आई लवकर गेल्यावर गुणवंतरावाला तिनंच वाढवला, आणि घरात तिला विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे. ती उठली आणि पाखडून वेगळं काढलेलं पोचट धान तिनं सूपभर धुरपताच्या टोपलीत टाकलं. "घे वो. दारातून रिकामं कोणाले लावत नाई आमी."

धुरपतानं टोपली डोक्यावर घेतली. खळ्याच्या कडेला कोंबड्या होत्या, त्यांच्यापुढे तिनं ती पालथी केली. कोंबड्यांनी दोन-चार चोची मारल्या आणि त्या दुसरीकडे गेल्या. त्या दिवशी दोघं घरोघर फिरले, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, मालकानं देल्लं का? मालकानं देल्लं तं आमीही देऊ.

चैतात घरात मोहफुलांशिवाय काही उरलं नाही. मुलगी चंदा लग्न होऊन आरमोरीकडे गेलेली, म्हणजे तोंडं दोनच, पण दोन तोंडांनाही दाणा लागतो. अशात गुणवंतरावाचा गडी झिंगू निरोप घेऊन आला. मालकानं नवा गोठा बांधला आहे, लांब गव्हाण पाहिजे, डोंगा देतोस का? बदल्यात पावसाळाभर पुरेल एवढं धान देतो. मुखरू दिवसभर डोंग्यापाशी बसून होता. संध्याकाळी हो म्हणाला.

डोंगा एका मोहाच्या खोडाचा होता, बापानं कोरलेला. तो धड होता, कुठे किडलेला नव्हता. धुरपता नवरी होऊन आली ती याच डोंग्यातून, हळदीच्या अंगानं. ढिवरटोलीत दुसरा डोंगा नव्हताच. बाकीच्यांनी केव्हाच फोडून चुलीत घातले होते.

मुखरूच्या घरात एक रीत होती. पाण्यातून कायमचा काढायचा डोंगा तसाच द्यायचा नाही. त्याच्या तळाला भोक पाडायचं, भोकातून मोहाची दारू सोडायची आणि त्याला मोकळा करायचा. मग तो डोंगा राहत नाही, लाकूड होतो. आजपर्यंत ही रीत कुजलेल्या डोंग्यांवरच चालली होती. मुखरू गिरमिट घेऊन आला तेव्हा धुरपता डोंग्यात जाऊन उभी राहिली.

"भोक नका पाडू. गव्हाण व्हयल तं व्हयल. कधी ना कधी सोडवून आणता येते."

"अन् उद्या त्यानं दुसरा ढिवर बसवला त्याच्यात? माह्या घाटावर?"

"बसवन तं बसवन! डोंगा तं जिता राह्यल!"

"सरक."

"नाई सरकत. मारायचं हाय तं त्याले मारा जाऊन, ज्यानं धान नाई देल्लं. ह्यानं काय केलं तुमचं?"

त्यानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती वाळूत पडली, उठली, पुन्हा डोंग्याला बिलगली. त्यानं पुन्हा ढकललं. तिचं ओरडणं ऐकून सगळी टोली बाहेर आली, पण नवरा-बायकोच्या मधे कोण पडतो. गिरमिट फिरत होतं, मोहाचा लाल भुसा त्याच्या पायांवर पडत होता. गिरमिटानं समाधान झालं नाही म्हणून त्यानं पटाशी घेतली आणि मूठ जाईल एवढं भोक केलं. मग दारू ओतली. अर्धी भोकात, अर्धी पोटात.

एवढं करून वार वायाच गेला. गुणवंतरावानं भोक पाहिलं आणि खूश झाला. "हे बेस केलं मुखरू. धुवाले सोपं." त्यानं भोकात लाकडी दट्ट्या ठोकून घेतला आणि मुखरूच्या बापानं कोरलेल्या डोंग्यात तोंड घालून बैल कुटार खाऊ लागले. धुरपता त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलायची बंद झाली. भाकर पुढे ठेवी, पाणी ठेवी, आणि भिंतीकडे तोंड करून बसे.

आखाड आला. रोवणी सुरू झाली. गुणवंतरावाच्या मोठ्या बांध्या, धानाची शेतं, नदीच्या पलीकडे होती. सकाळी गावच्या बाया पुलावरून जायच्या, दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे, कोवळी रोपं, रोवायच्या, संध्याकाळी पुलावरून परत. डोंग्याच्या बदल्यातलं धान सरत आलं होतं, तेव्हा धुरपताही त्यांच्यात जाऊ लागली. दुसऱ्यांना पलीकडे नेणाऱ्याची बायको आता कंबर मोडून दुसऱ्याच्या बांधीत उभी असे. नीलाबाई छत्री घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसे आणि तिची नजर फिरून फिरून धुरपतावर येई. "ढिवरीण बाई, रांग वाकडी चालली. मासोळ्या नाई धरत तू!" बाया हसत. धुरपता उपटून पुन्हा रोवत असे. तिच्या बोटांच्या बेचक्या चिखलानं कुजून पांढऱ्या झाल्या होत्या.

आणि मुखरूला काम मिळालं ते पुलावरच. पुलाची माती वाहून गेली होती, तट्ट्या कुजल्या होत्या. गुणवंतरावानं त्यालाच बोलावलं. बांबू फाडणारे गावात दुसरेही होते. पण ढिवराच्या हातून पूल दुरुस्त करून घेण्यात जी चव होती ती दुसऱ्यात नव्हती.

मुखरू तट्ट्या विणत विणत मधल्या लाकडी गाळ्यांवर आला आणि खाली वाकून पाहिलं. खालच्या तिरप्या तुळया नव्हत्या. करवतीच्या अलीकडच्या खुणा होत्या. त्या तुळया कुठे गेल्या हे शोधायला लांब जायला नको होतं. गव्हाण ठेवली होती त्या नव्या गोठ्याला सहा देखणे सागवानी खांब होते.

संध्याकाळी गुणवंतराव काम पाहायला आला.

"मालक, बीचच्या गाळ्याच्या तुळया..."

"वरून झाक."

"खालून काई..."

"तुले झाकाले लावलं का पाहाले लावलं?" गुणवंतराव खाली न बघताच म्हणाला. "डोंगेवाला पुलाले चांगलं म्हणन का कधी?"

मुखरूनं झाकलं. दाट तट्टी टाकली, वर माती, मातीवर पळसाचे डहाळे. गावात कोणाला सांगितलं नाही. पडते तं पडू द्या, असं त्याच्या मनात आलं आणि ते त्याला गोड लागलं. हे मी लपवत नाही, त्याला ते गोड लागलं. पण रात्री भाकर पुढे आली तेव्हा घास उतरेना.

"उद्यापासून पुलावरून नोको जाऊ," तो भिंतीकडे तोंड केलेल्या बायकोला म्हणाला.

तीन महिन्यांनी ती बोलली. "मंग कशातून जाऊ? डोंग्यातून?"

"पूल बरोबर नाई."

"डोंगा बरोबर होता," ती म्हणाली आणि कूस वळवून निजली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून झड लागली. वर जंगलात कंत्राटदाराचे ओंडके नदीकाठी रचलेले होते. दुपारी गाढवीनं ते उचलले आणि खाली आणायला सुरुवात केली. ओंडके येत, खांबावर आपटत, आडवे होत, त्यांच्यावर दुसरे येऊन अडकत. पाण्याचा रंग गेरूसारखा झाला. पलीकडे बायांनी काम टाकलं आणि पुलाच्या तोंडाशी जमल्या. ओंडके पाहून कोणी पुढे होईना.

"असे पूर लय पाह्यले या पुलानं," नीलाबाई म्हणाली. "घरी लेकरं हायेत ना तुमची? चाला. धुरपता, माहं गाठोडं घे."

नीलाबाई पुढे, मागे गाठोडं घेऊन धुरपता, तिच्यामागे कमळा नावाची एक नवी नवरी. बाकीच्या थांबून पाहत राहिल्या. तिघी पहिला लाकडी गाळा ओलांडून मधल्या दगडी खांबावर आल्या आणि पुढचा गाळा त्यांच्या डोळ्यांदेखत वाकला. आवाज फार मोठा झाला नाही. तट्टी, माती, पळसाचे डहाळे सगळं एकदम खाली बसलं आणि पाण्यानं नेलं. तिघी मागे वळल्या. मागचा गाळा त्यांच्यासाठी थांबला नाही, एक मोठा ओंडका लागून तोही गेला. नदीच्या मधोमध खाटेएवढा एक दगडी खांब उरला आणि त्यावर एकमेकींना धरून तीन बाया.

गुणवंतराव ढिवरटोलीत आला तो अनवाणी, पागोटं नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. त्या वाटेनं तो जन्मात आला नसेल.

"मुखरू, डोंगा काढ! बाई अडकली, बाई! तुही बायको बी हाय."

मुखरू काठावरून सगळं पाहूनच आला होता. त्याच्या हातात बांबू होता. "कुठचा डोंगा? तुमच्या गोठ्यात गव्हाण हाय. माह्यापाशी काई नाई."

"मंग चाल ना! उभा काऊन राह्यला?"

गोठ्यात बैल खात होते. त्यांची तोंडं बाजूला करून कुटार उपसलं, तेच बैल डोंग्याला जुंपले आणि तो चिखलातून ओढत काठावर आणला. उन्हाळ्यात लाकूड वाळलं होतं, वरून दट्ट्या ठोकलेला. भोकापासून दोन्हीकडे वीतभर चीर गेली होती. पाण्यात ढकलताच दट्ट्या उडाला. मुखरूनं डोक्याचा पटका काढून भोकात कोंबला, वर राळ थापली. पटका फुगला आणि पाणी बाजूनं येऊ लागलं.

"कोणाले तरी याच्यावर टाच देऊन बसा लागन," तो म्हणाला. "अन् एका हातानं पाणी उपसा लागन."

काठावर अर्धं गाव होतं. झिंगू मागे सरकला. कमळाचा नवरा म्हणाला, मले पोहता येत नाई. बाकीच्यांनी नदीकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

मुखरू गुणवंतरावाकडे पाहत होता. "बसा मालक. गव्हाण तुमची हाय."

गुणवंतराव बसला. टाच भोकावर, हातात बैलांना पाणी पाजायचं घमेलं.

मुखरूनं डोंगा काठाकाठानं बराच वर नेला आणि मग धारेत घातला. ओंडके येत होते. तो बांबूनं त्यांना बाजूला लोटत होता, कधी स्वतःच डोंग्यासकट बाजूला होत होता. गुणवंतरावाचे ओठ हलत होते. देवाचं नाव असेल.

"टाच दाबा!"

"दाबूनच राह्यलो ना बे!"

"पाणी येऊन राह्यलं. गादीवरची टाच, काय दाबन ते."

"तोंड सांभाळ मुखऱ्या! काठावर चाल, तुही..."

"काठ मागं राह्यला. इथी मालक मी हाव. पटत नाई तं उतरा."

गुणवंतराव उतरला नाही. पाणी उपसत राहिला. एक ओंडका डोंग्याच्या कडेला घासून गेला आणि तो किंचाळला, अगदी बाईमाणसासारखा. मुखरू हसला. नदीत, त्या पाण्यात, बायको खांबावर असताना तो हसला.

खांबाच्या खालच्या अंगाला पाणी थोडं संथ होतं. मुखरूनं तिथे डोंगा लावला आणि बांबू दगडाच्या फटीत अडकवला. नीलाबाईला दोघींनी हाताला धरून खाली सोडली. छत्री केव्हाच गेली होती, पांढरं लुगडं अंगाला चिकटलेलं. मग कमळा. धुरपता शेवटी उतरली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं डोंग्याच्या तळाशी पाहिलं. पाणी घोट्याच्या वर आलं होतं.

"सरका," ती गुणवंतरावाला म्हणाली. तो हलला नाही तेव्हा तिनं त्याचा पाय धरून उचलून बाजूला टाकला आणि स्वतःची टाच तिथे दिली. भेगा पडलेली, चिखलानं दगड झालेली टाच. पाणी यायचं कमी झालं.

मुखरूनं डोंगा पुन्हा धारेत घातला. डोंगा काठाला लागला. नीलाबाईला उचलून नेलं, कमळाला तिच्या सासूनं कवटाळलं. गुणवंतराव चिखलात बसून ओकला. कोणी तरी त्याच्या डोक्यावर घोंगडं टाकलं, बिडी दिली. दोन झुरके घेतल्यावर रंग परत आला, आणि रंगाबरोबर गुणवंतरावही परत आला. त्यानं डोंग्याकडे पाहिलं, मग आपल्या बैलांकडे.

"झिंगू, गव्हाण घे ओढून. बैलं उपाशी हायेत."

झिंगू दोर घेऊन पुढे झाला आणि थांबला. धुरपता डोंग्यातून उतरली नव्हती. टाच होती तिथेच होती.

"उतर ना वो," झिंगू म्हणाला.

"पलीकडच्या बायाईले कोण आणन?" धुरपता म्हणाली.

तेव्हा कुठे सगळ्यांना पलीकडचा काठ आठवला. पंधरा-वीस बाया तिथे पावसात उभ्या होत्या. त्यांच्या हाका पाण्याच्या आवाजात मधेच ऐकू यायच्या. इकडे म्हाताऱ्या त्यांची अंगावरची लेकरं घेऊन आल्या होत्या. सकाळपासून दूध न मिळालेली लेकरं, रडून रडून निळी झालेली.

"आणा ना मंग," गुणवंतराव म्हणाला. "एक-दोन खेपा मारा अन् मंग..."

"घरटी एक टोपली धान," धुरपता म्हणाली. "इथी. काठावर."

"आँ?"

"घाटाचं धान. मंग डोंगा निंगन."

"लाज हाय का तुले? लेकरं रडून राह्यली!"

"रडून राह्यली तं धावा. धान घरातच हाय तुमच्या. अन् चांगलं आणा. पोचट नोको."

गर्दीत शिव्या सुरू झाल्या. ढिवरीण माजली म्हणे, पुराचा फायदा घेते म्हणे, झिंगू, वढ तिले केसाले धरून. झिंगूनं एक पाय पाण्यात टाकला. धुरपतानं टाच थोडी उचलली. भोकातून पाण्याचा मनगटाएवढा लोट वर आला. झिंगूनं पाय मागे घेतला, आणि तिनं टाच परत ठेवली.

"वढा," ती म्हणाली. "बुडला तं गव्हाण घेऊन जा. सकाळी पूर वसरन तवा बाया बी येतीन. वसरन तवा."

मुखरू तिच्यासमोर उभा होता, बांबू हातात, अंगावरून पाणी निथळत. पलीकडून पुन्हा हाक आली, पातळ, लांबलेली. त्याला राहवलं नाही.

"धुरपता," तो हळूच म्हणाला, "आधी एक खेप मारू. बाया ओरडून राह्यल्या."

तिनं वर पाहिलं. चैतानंतर पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"मी बी ओरडतच होती," ती म्हणाली, "तुमी भोक पाडत होते तवा."

मुखरूनं बांबू चिखलात रोवला. गर्दीतून एक म्हातारी निघाली आणि घराकडे चालू लागली, मग दुसरी. गुणवंतरावानं बिडी चिखलात विझवली आणि तोही त्यांच्यामागून गेला. गावाच्या वाटेवर पहिली टोपली दिसेपर्यंत त्यानं बांबू उचलला नाही आणि तिनं टाच.